आवाज बंद करून

सायलेंट हिल हा गेम मी पहिल्यांदा खेळायला घेतला तेव्हा त्याचा एकही आवाज मी ऐकला नव्हता. घरात टीव्ही एकच होता, प्लेस्टेशन त्यालाच जोडलेला असे, आणि त्या खोलीला लागूनच घरातली मोठी माणसे झोपत असत. रात्री अकरानंतर खेळायचे असेल तर आवाज पूर्ण बंद ठेवायचा, या अटीवर मला परवानगी मिळाली होती. मी ती अट आनंदाने मान्य केली, कारण आवाज गेला म्हणजे फार तर संगीत जाईल आणि संगीतावाचून काही अडत नाही, अशी माझी समजूत होती. तोवर मी बहुतेक मोटारींच्या शर्यतींचे गेम खेळत आले होते आणि त्यांच्यापुरती ती समजूत खरीही होती.

सायलेंट हिल १९९९ साली आला. कोनामी या जपानी कंपनीच्या ज्या चमूने तो घडवला तो पुढे टीम सायलेंट या नावाने ओळखला गेला. दिग्दर्शक होते केइचिरो तोयामा. कथा अगदी थोडक्यात सांगता येते. हॅरी मेसन नावाचा एक लेखक आपल्या सात वर्षांच्या मुलीला, शेरिलला, घेऊन सायलेंट हिल या अमेरिकेतील गावी सुटीसाठी निघतो. रात्रीच्या रस्त्यावर एक मुलगी अचानक गाडीसमोर येते, तिला चुकवताना गाडी रस्ता सोडते, आणि हॅरी शुद्धीवर येतो तेव्हा शेजारची जागा रिकामी असते. गावात माणूस दिसत नाही, धुके इतके दाट आहे की रस्त्याची पलीकडची बाजूही नीट दिसू नये, आणि अवेळी बर्फ पडत आहे. हॅरी पोलीस नाही, सैनिक नाही. थोडे पळाला की त्याला धाप लागते, पळता पळता भिंत आडवी आली तर तो हात पुढे करून स्वतःला सावरतो, आणि पिस्तूल हाती आले तरी त्याचा नेम हमखास लागेल असे नसते. मला तो पहिल्या दहा मिनिटांतच आपल्यातला वाटला.

सुरुवातीलाच एक गल्ली आहे. शेरिलची आकृती धुक्यात पुढे पळताना दिसते, हॅरी तिच्यामागे एका फाटकातून आत शिरतो, आणि कॅमेरा आपली जागा सोडून कधी भिंतीवर चढतो, कधी तिरका होतो, कधी हॅरीच्या डोक्यावरून घसरत पुढे जातो. हळूहळू काळोख दाटतो. हॅरी काडी ओढतो. उलटून पडलेल्या व्हीलचेअरचे एक चाक अजून फिरत असते, पुढे रक्ताळलेल्या चादरीखाली झाकलेले एक स्ट्रेचर दिसते, आणि त्याही पुढे कुंपणाला बांधलेले एक प्रेत. मग लहान मुलांच्या उंचीचे, हातात सुरे धरलेले काही जीव येतात आणि हॅरीला घेरतात. इथून सुटका नाही. या गल्लीत मरावेच लागते, आणि मेल्यावर हॅरी एका कॅफेत जागा होतो. या गल्लीत दूरवर एक भोंगा वाजू लागतो, याचा मला त्या वेळी पत्ताच नव्हता. मला फक्त चित्र काळे पडत चाललेले दिसले, आणि टीव्ही बिघडला की काय, म्हणून मी रिमोट चाचपडू लागले.

कॅफेत सिबिल बेनेट नावाची पोलीस अधिकारी हॅरीला पिस्तूल देऊन निघून जाते. तिथेच नकाशा, सुरा आणि बॅटरी मिळते, आणि निघता निघता हॅरी टेबलावरच्या एका छोट्या रेडिओकडे वळून पाहतो. तो का वळतो हे मला कळले नाही. रेडिओ हाती घेईपर्यंत खिडकी फोडून एक पंख असलेला प्राणी आत येतो, त्याच्याशी झुंजण्यात मी रेडिओ विसरून गेले, आणि नंतर सामानाच्या यादीत तो दिसला तेव्हा मी ठरवून टाकले की पुढे कुठेतरी एखाद्या कोड्यात तो वापरायचा असणार. कुलपाला किल्ली तसा कशाला तरी रेडिओ. पुढचे कित्येक दिवस मी तो प्रत्येक बंद दरवाजावर वापरून पाहत होते, हे आज लिहितानाही थोडी लाज वाटते.

तरीही मी घाबरले नाही असे नाही. या गेममध्ये खेळताना पडद्यावर हॅरीची प्रकृती दाखवणारी पट्टी नसते. यादी उघडल्याशिवाय तो कितपत जखमी आहे हे दिसत नाही. मात्र त्याची अवस्था वाईट झाली की हातातला ड्युअलशॉक कंट्रोलर हृदयाच्या ठोक्यांसारखा धडधडू लागतो. निःशब्द खोलीत, मांडीवर उशी घेऊन बसलेले असताना, तळहातात सुरू झालेली ती धडधड मला पहिल्यांदा माझी स्वतःचीच वाटली. गेमकडून माझ्यापर्यंत पोहोचणारा तेवढा एकच निरोप होता, आणि तो कानांना चुकवून थेट हाडांत शिरत होता. पुढे आवाजासह खेळताना मला ही धडधड इतकी जाणवली नाही. कान उघडे असले की हात थोडे बधिर होत असावेत.

या धुक्याविषयी लिहिणारे सगळेच जण सांगतात की प्लेस्टेशनला दूरचे चित्र काढणे झेपत नव्हते आणि धुक्याने ती उणीव झाकली. हे खरे आहे. या यंत्रात मुख्य मेमरी अवघी २ मेगाबाइट होती, आणि रेसिडेंट एव्हिल या दुसऱ्या एका भयगेमने १९९६ मध्ये जसे आधीच रंगवून ठेवलेल्या चित्रांवर पात्रे चालवली तसे न करता सायलेंट हिलने रस्ते, घरे, खोल्या हे सारे खेळतानाच त्रिमितीत उभे करायचे ठरवले होते. पण एवढे सांगून थांबले की निम्मेच सांगितल्यासारखे होते. धुके असलेले गेम त्या काळात पुष्कळ होते आणि त्यांतल्या बहुतेकांना कोणी घाबरत नसे. दिसत नाही म्हणून माणूस अडखळतो, कंटाळतो, फार तर वैतागतो. तो घाबरतो ते दिसत नसताना कोणीतरी त्याला अर्धवट काही सांगितले म्हणजे. सायलेंट हिलचे कसब या अर्धवट सांगण्यात आहे.

रेसिडेंट एव्हिलमध्ये टंचाई गोळ्यांची असते, आणि गेम सेव्ह करण्यासाठी लागणाऱ्या शाईच्या फितींची. तिथे खेळणारा सतत हिशेबात असतो. सायलेंट हिलमध्ये गोळ्या बऱ्यापैकी मिळतात, जखमेवरची औषधेही मिळतात, आणि सेव्ह करण्यासाठी जागोजागी पडलेल्या वह्या कितीही वेळा वापराव्यात. टंचाई आहे ती खात्रीची. हॅरीची बॅटरी त्याच्या कोटाच्या छातीवरच्या खिशात असते, त्यामुळे उजेड अंग वळेल तिकडेच पडतो आणि डोळ्यांना वाटेल तिकडे तो फिरवता येत नाही. ती बंद केली तर राक्षसांचे लक्ष कमी जाते, पण मग काळोखात नकाशा वाचता येत नाही. नकाशाचेही असेच. त्यावर हॅरी स्वतः लाल पेनने खुणा करत जातो, कुठला दरवाजा बंद आहे, कुठला रस्ता तुटून खाली खाई झाली आहे, आणि या खुणा वाढत जातात तशी मदत होण्याऐवजी आपण कुठून कुठून अडवले गेलो आहोत एवढेच स्पष्ट होत जाते. गावातल्या रस्त्यांना ब्लॉक, ब्रॅडबरी, मॅथेसन अशा भयकथा आणि विज्ञानकथा लिहिणाऱ्यांची नावे दिलेली आहेत. लेखक असलेल्या हॅरीला त्यावर एकदाही काही म्हणावेसे वाटत नाही, याचे मला आजही नवल वाटते.

आता मिडविच शाळा. या गेममधला सर्वांत चांगला भाग कोणता असे विचारले तर मी क्षणाचाही विचार न करता शाळेचे नाव घेईन. पुढचे इस्पितळही उत्तम आहे, गटारे कंटाळवाणी आहेत, आणि शेवटचा चक्रव्यूह मला कधीच फारसा भिडला नाही. शाळेत लॉकरांची एक खोली आहे. मी त्या खोलीत गेले, एक लॉकर उघडला, त्यातून मांजर उडी मारून बाहेर आले आणि पळून गेले. मी हसले. एवढा गंभीर गेम, आणि त्यात ही भाबडी गंमत, असे मला वाटले. एका स्वच्छतागृहातही मी गेले, तिथे काहीच नव्हते, मी बाहेर आले. शाळा तशी सोपी आहे असे मी माझ्या वहीत लिहून ठेवल्याचे आठवते.

मग शाळेच्या मनोऱ्यातून पलीकडे गेल्यावर तीच शाळा पुन्हा भेटते, पण गंजलेली, जमिनीच्या जागी लोखंडी जाळ्या असलेली. मला पियानोने अडवले ते त्याआधीच, अजून फरशी जागेवर असताना. संगीताच्या खोलीत एक पियानो आहे आणि फळ्यावर रक्ताच्या अक्षरांत एक कविता लिहिलेली आहे. तिचा विषय आवाज नसलेले पक्षी. हावरा पेलिकन, त्याच्याहून उंच उडणारे मुके कबुतर, नुसती ऐट दाखवण्यासाठी आणखी वर जाणारा डोमकावळा, दुसऱ्या पक्ष्याशेजारी शांत जागा शोधणारा हंस, आणि शेवटी येऊन जांभई देऊन झोपून जाणारा कावळा. पाच पक्षी, म्हणजे पाच पट्ट्या, हे मी ओळखले. पांढरे पक्षी पांढऱ्या पट्ट्यांवर, काळे काळ्यांवर, हेही ओळखले. उंच उडणारा उजवीकडे, हेही माझे मी शोधून काढले आणि त्याचा मला फार अभिमान वाटला. तरी कोडे सुटेना. पांढऱ्या पट्ट्या अनेक, काळ्याही अनेक. त्यांतल्या नेमक्या कोणत्या?

मी सहा रात्री त्या पियानोपुढे बसून होते. वहीत पट्ट्यांचे चित्र काढून मी एकेक क्रम खोडत गेले. आवाज नसलेले पक्षी, हे शब्द मी इतक्यांदा वाचले की त्यांचा अर्थ निघून गेला. सातव्या दिवशी दुपारी घरात कोणी नव्हते, आणि केवळ वैताग आला म्हणून, काही सुचले म्हणून मुळीच नव्हे, मी टीव्हीचा आवाज वाढवला.

पहिली पट्टी वाजली. दुसरी वाजली. तिसरीतून सूर निघाला नाही. मी तिच्यावर पुन्हा एकदा बटण दाबले, आणि मग ते डोक्यात शिरले. या पियानोच्या काही पट्ट्या मेलेल्या आहेत, आणि त्या मेलेल्या पट्ट्या म्हणजेच ते मुके पक्षी. माझ्यासाठी सहा रात्री सगळाच पियानो मुका होता. कोड्यात जे वेगळे होते ते माझ्या खोलीत सर्वत्र होते, म्हणून मला ते दिसत नव्हते. दोन मिनिटांत रुपेरी पदक हाती आले, आणि त्याचा आनंद मला जेमतेम अर्धे मिनिट झाला, कारण संगीताच्या खोलीचा दरवाजा उघडून मी बाहेर आले आणि हॅरीच्या खिशातला रेडिओ खरखरू लागला.

कॅफेपासून मी जो प्रत्येक कुलपावर घासत आले होते तो हा रेडिओ. राक्षस जवळ आला की तो खरखरतो आणि लांब गेला की शांत होतो. कोणत्या दिशेला आहे, किती आहेत, कसले आहेत, यातले काही तो सांगत नाही. मी त्या व्हरांड्यात थांबले. पडद्यावर तोच व्हरांडा होता ज्यातून मी आठवडाभर निश्चिंतपणे ये-जा केली होती. सकाळची कामे आटोपून झालेली दुपार होती, खिडकीतून ऊन आत येत होते, आणि मध्यरात्री न घाबरलेली मी त्या उन्हात एक पाऊलही पुढे टाकू शकत नव्हते. माहिती मिळाली की भीती कमी होते असे आपण धरून चालतो. इथे मला माहिती मिळाली होती, पण अंतराची, दिशेची नव्हे, आणि अशी माहिती मिळण्यापेक्षा न मिळणे किती सुखाचे असते हे मी आठवडाभर अनुभवून चुकले होते.

त्या दिवसापासून मी दुपारी, आवाज लावून खेळू लागले, आणि पहिल्यापासून पुन्हा सुरुवात केली. गल्लीतला भोंगा ऐकला. मिडविच शाळेच्या लॉकरांच्या खोलीत गेले तेव्हा आतून एका लॉकरवर धक्के बसत होते. मागच्या खेपेस मी तो सहज म्हणून उघडला होता, या खेपेस उघडायला मला पाच मिनिटे लागली. मांजर उडी मारून बाहेर पळाले, आणि मग चौकटीबाहेरून, जिथे मला काही दिसत नव्हते तिथून, ते मांजर कोणीतरी मारल्याचा आवाज आला. म्हणजे मी ज्याला गंमत म्हणून हसले होते त्याचा शेवट मी ऐकलाच नव्हता. रिकाम्या स्वच्छतागृहात कोणीतरी लहान मूल हुंदके देत होते आणि तिथे कोणी नव्हते. मागच्या वेळीही ते तिथे रडतच असणार, आणि मी ‘काही नाही’ म्हणून दार लावून घेतले होते. या एका विचाराने मला त्या दिवशी जितके अस्वस्थ केले तितके गेममधल्या कुठल्याही राक्षसाने केले नसेल.

या साऱ्या आवाजामागचा माणूस म्हणजे अकिरा यामाओका. संगीत आणि इतर ध्वनी दोन्ही त्यांच्याकडे असल्यामुळे या गेममध्ये संगीत कुठे संपते आणि जागेचा आवाज कुठे सुरू होतो हे सांगता येत नाही. लोखंडावर लोखंड आपटल्यासारखे ठोके, यंत्रशाळेतली घरघर, कानाच्या आत कुठेतरी वाजणारी बारीक शिट्टी. असे सांगितले जाते की त्यांनी आपले काम पहिल्यांदा ऐकवले तेव्हा चमूतल्या लोकांना गेममध्ये बिघाड झाला आहे असे वाटले, आणि हे असेच हवे आहे, हे त्यांना समजावून द्यावे लागले. मला तो गैरसमज चुकीचा वाटत नाही, उलट फार अचूक वाटतो. इतर गेममध्ये संगीत वाढले की धोका आहे आणि थांबले की टळला असे कळते. इथे रेडिओची खरखर आणि पार्श्वसंगीताची खरखर एकाच जातीची आहे, त्यामुळे आत्ता वाजते आहे ती सूचना आहे की नुसती शाळा आहे, हे ठरवण्यासाठी कान टवकारून उभे राहावे लागते, आणि तसे उभे राहिलेला माणूस आधीच निम्मा घाबरलेला असतो. नावात ‘सायलेंट’ असलेल्या गावात एक क्षणही शांतता नाही, हा विनोद जाणूनबुजून केलेला असेल तर उत्तम आहे, आणि नसेल तर आणखी उत्तम.

म्हणूनच इस्पितळातली लिसा गारलंड ही परिचारिका भेटते तेव्हाची शांतता वेगळी वाटते. तिच्यापाशी आल्यावर ठोके थांबतात, बोलणारे एक माणूस असते, उजेड असतो. पुढे तिलाच स्वतःविषयीचे सत्य उमगते, आपण जिवंत का राहिलो आणि इतर का राहिले नाहीत याचे उत्तर सापडते, तिच्या कपाळावरून रक्त ओघळू लागते, आणि ती मदत मागत पुढे येत असताना हॅरी तिला ढकलून देतो आणि दाराबाहेर पळून दार धरून ठेवतो. मी त्या वेळी त्याच्यावर फार चिडले होते. तिथे वाजणारे संगीत हळवे आहे, सुरेल आहे. इतका वेळ लोखंड ऐकल्यानंतर सूर ऐकू आला की माणसाचा धीर सुटतो हे त्या संगीतकाराला पक्के ठाऊक होते.

माझ्या पहिल्या खेळीचा शेवट वाईट झाला. या गेमला पाच शेवट आहेत, त्यांतला एक उडत्या तबकड्यांचा निव्वळ थट्टेचा आहे, आणि बाकीच्या चारांपैकी कोणता मिळेल हे सिबिलला वाचवले की नाही आणि इस्पितळातल्या डॉक्टर कॉफमनच्या मागे गावात थोडी शोधाशोध केली की नाही यावर ठरते. सिबिलला वाचवायचे तर इस्पितळात जमिनीवर सांडलेले लाल औषध कित्येक तास आधी प्लास्टिकच्या बाटलीत भरून घेतलेले असावे लागते, आणि ते कशासाठी याबद्दल त्या वेळी कोणी एक अक्षर सांगत नाही. मी घेतले नव्हते. मग अखेरीस पुन्हा ती गाडी दिसली, आणि तिच्यात चाकावर मान टाकून पडलेला हॅरी, जो कदाचित तिथून कधी उठलाच नव्हता. मी कन्सोल बंद केला आणि बराच वेळ टीव्हीच्या काळ्या काचेत दिसणारी खोली पाहत बसले.

नंतर हा गेम मी अनेकदा खेळले आहे. नव्या पडद्यावर, चित्र धारदार करून खेळता येतो तेव्हा भिंती थरथरताना दिसतात, रंगांचे ठिपके मोजता येतात, राक्षस म्हणजे थोडेसे त्रिकोण आहेत हे लपत नाही. आवाजाचे मात्र वय झालेले नाही. गेल्या महिन्यात हेडफोन लावून खेळताना मला सहज आठवले की यादीत जाऊन रेडिओ बंद करता येतो. इतक्या वर्षांत मी तो कधीच बंद केला नव्हता. मी तो बंद केला आणि कॅफेतून बाहेर पडून बॅकमन रोडवर चालू लागले. बर्फ पडत होते. धुक्यातून कुत्रा बाहेर आला तो थेट अंगावरच, त्यामागून दुसरा, आणि गोळ्या घाईघाईने वाया घालवून मी मागे वळले तेव्हा हातातला कंट्रोलर धडधडू लागला होता. मी हेडफोन काढून बाजूला ठेवले. खोली एकदम पूर्वीची झाली. तशीच, तळहातातले ठोके मोजत, मी हॅरीला कॅफेपर्यंत परत आणले, वहीपाशी जाऊन गेम सेव्ह केला, आणि मग यादी उघडून रेडिओ पुन्हा चालू केला.